कारणे द्या

दहावीची कुठलीही जुनी प्रश्नपत्रिका काढून बघा. विज्ञानाच्या पेपरात ‘शास्त्रीय कारणे द्या’, भूगोलाच्या पेपरात ‘भौगोलिक कारणे लिहा’, इतिहासात ‘पुढील विधाने सकारण स्पष्ट करा’. भूमितीत तर हा प्रश्न वेगळा विचारतच नाहीत, कारण तिथे सिद्धतेच्या प्रत्येक ओळीपुढे ठिपके द्यायचे आणि कंसात कारण लिहायचं, हे आधीच ठरलेलं असतं. विषय वेगळे, शिकवणारे वेगळे, पण दिवसभर फिरून फिरून मागणी एकच.

हायस्कूलने मला काय दिलं याचा विचार करते तेव्हा सनावळ्या, सूत्रं, व्याख्या यांच्या आधी ही मागणी आठवते. खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरांत कारण विचारायची रीत नव्हती. शेतातलं काम असो, सोयरीक असो, भावकीतलं भांडण असो, मोठ्यांनी ठरवलं की ठरलं. ‘का?’ असं विचारलं की उत्तर यायचं, “का म्हंजे काय? सांगितलं तेवढं कर.” मुलीने विचारलं तर आवाज आणखी चढायचा. त्याच घरांतून निघून आम्ही रोज अकरा वाजता अशा एका खोलीत जाऊन बसत होतो, जिथे कारण दिलं नाही तर गुण कापले जात. शिक्षणावर बोलताना या विरोधाचा उल्लेख फारसा कुणी करत नाही. मला तर हायस्कूलच्या सगळ्या वर्षांत हाच सर्वांत मोठा बदल वाटतो.

आधी भूगोलाचं सांगते, कारण तो आमच्या घरापर्यंत येऊन पोहोचला.

वर्गातल्या निम्म्या पोरांचे वडील गावात नसत. आमचा भाग गलाईवाल्यांचा. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी सगळ्या देशभर पांगलेली. कुणी कोइमतूरला, कुणी केरळात, कुणी थेट उत्तरेत. वडील जत्रेला येणार, चार दिवस राहणार आणि परत जाणार, हे आम्हाला उन्हाळ्या-पावसाळ्याइतकंच ठरलेलं वाटे. त्यामागे काही कारण असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

नववीत भूगोलाच्या बाईंनी महाराष्ट्राचा नकाशा फळ्यावर टांगला आणि पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवायला घेतला. नैऋत्य मोसमी वारे समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, सह्याद्री त्यांना अडवतो, वारे वर चढतात, थंड होतात, सांद्रीभवन होतं आणि पश्चिमेच्या बाजूला कोसळून पाऊस पडतो. घाट ओलांडून पूर्वेला उतरणारे वारे कोरडे होत जातात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि तिथून सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरवर असलेल्या आमच्याकडे पाचशे-सहाशेची मारामार. बाईंनी पट्टीने सह्याद्रीची रांग दाखवली, मग पट्टी पूर्वेला आणून आमच्या तालुक्यावर टेकवली आणि विचारलं, “मग आता सांगा, तुमचे वडील इथे का नाहीत?”

वर्ग एकदम गप्प झाला. पुस्तकात हा प्रश्न नव्हता. पण त्या दिवशी एका डोंगररांगेचं आणि आमच्या घरातल्या रिकाम्या जागेचं नातं आम्हाला पहिल्यांदा कळलं. आईचं एकटीने शेत बघणं, मनीऑर्डरची वाट, पत्रातली तीच ती चार वाक्यं, या सगळ्यामागे एक कारण होतं आणि ते नकाशावर बोट ठेवून दाखवता येत होतं. नशीब हे कारण तोवर आम्हाला पुरत होतं. त्यानंतर पुरलं नाही.

बाई तिथेच थांबल्या असत्या तरी चाललं असतं. परीक्षेला तेवढंच येतं. पण त्यांनी पुढचं सांगितलं ते जास्त मोलाचं होतं. पाऊस कमी का पडतो याचं कारण सह्याद्री आहे, पण जो पडतो तो अडवायचा की वाहून जाऊ द्यायचा, आणि कृष्णेचं पाणी कुणाच्या शेतात जायचं, याचं कारण सह्याद्री नाही. ती माणसांनी ठरवलेली गोष्ट आहे. ते दिवस ऐंशीच्या दशकाच्या अखेरचे. आमच्याच तालुक्यात येरळा नदीवर लोक स्वतः बळीराजा धरण बांधत होते. समान पाणीवाटपाची भाषा गावच्या सभांत ऐकू येत होती. भौगोलिक कारण जिथे संपतं तिथून पुढे माणसांना कारण विचारायचं असतं, हे मी त्या बाईंकडून शिकले. कृष्णेचं पाणी टेंभूच्या योजनेतून या पट्ट्यात आलं ते पुष्कळ वर्षांनी.

विज्ञानाची कारणं डोळ्यांना दिसत. सोडिअम रॉकेलमध्ये का ठेवतात, या दोन गुणांच्या प्रश्नासाठी सरांनी प्रयोगशाळेचं कपाट उघडलं, बाटलीतून चकचकीत तुकडा चिमट्याने काढला, वाटाण्याहून लहान कापला आणि पाण्याच्या भांड्यात टाकला. तो पाण्यावर फुसफुसत सैरावैरा पळत सुटला आणि फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकल्यावर सगळं पाणी गुलाबी झालं. मागच्या बाकांवरची पोरं बाकांवर उभी राहिली, तरी सर रागावले नाहीत. माठातलं पाणी गार का, पावसाळ्यात लाकडी दार का अडकतं, हीसुद्धा आमच्या घरातलीच कारणं होती. विज्ञानाने मला दाराकडे आणि माठाकडे बघायला शिकवलं, एवढं म्हणून मी पुढे जाते.

इतिहासाचा मामला मात्र अवघड होता. तिथे एका घटनेला पाच कारणं असत, आणि पाचही लिहिली की पूर्ण गुण. त्यांतलं कुठलं मोठं, कुठलं छोटं, हे कुणी विचारत नसे. प्रतिसरकारचा धडा आला तेव्हा पुस्तकात कारणं व्यवस्थित दिली होती: 1942 च्या ऑगस्टमध्ये नेत्यांना झालेली अटक, भूमिगत चळवळ, नाना पाटलांचं नेतृत्व. आमच्या तर शेजारच्या गावांतला तो इतिहास. सरांनी कुंडलच्या बाजूच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना वर्गात बोलावलं. ते तरुणपणी प्रतिसरकारच्या तुफान सेनेत होते. 1943 च्या जून महिन्यात शेणोलीला पगाराची गाडी लुटली गेली त्याबद्दल ते बोलतील अशी आमची अपेक्षा. ते त्याबद्दल फार बोलले नाहीत. त्यांना कुणीतरी विचारलं, लोक प्रतिसरकारच्या मागे का गेले? ते म्हणाले, “गावोगावी दरोडेखोर माजले होते. सावकार गळा आवळत होता. कोर्टात जावं तर पैसा. आम्ही गावात बसून न्याय दिला, म्हणून लोक आले. भाषणाला कोण येतंय?”

आम्ही वहीत लिहून घेतलेल्या कारणांत हे कारण होतं, पण चौथ्या क्रमांकावर, एका ओळीत. म्हाताऱ्याने ते पहिल्या क्रमांकावर आणलं. सर म्हणाले, “पुस्तकातलं खोटं नाही आणि हेही खोटं नाही. कुणाला विचारता त्यावर क्रम बदलतो.” इतिहासातल्या कारणांना वजन असतं आणि ते वजन ज्याचं त्याने करायचं असतं, ही गोष्ट चार गुणांच्या उत्तरात बसत नाही. पण ती वर्गात बसली.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, कारण ती मला फार लागते. कारणं मागणारी ही सगळी व्यवस्था एका पुस्तकाने पोकळ होते. ते म्हणजे गाइड. गाइडमध्ये प्रत्येक ‘का’चं उत्तर तयार असतं, मुद्देसूद, क्रमांक घालून. मुलं ते पाठ करतात, पेपर तपासणारा मुद्दे मोजतो आणि गुण देतो. कारण पाठ केलं की ते कारण उरत नाही. तोही मोठ्यांनी सांगितलेला एक हुकूमच होतो, फक्त छापील. आता दहावीच्या मराठीला कृतिपत्रिका असते आणि तीत ‘स्वमत’ असा प्रश्न असतो. कल्पना फार चांगली आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला कुणीतरी तुझं मत काय आणि का, असं विचारतंय ही केवढी गोष्ट! पण बाजारात तयार स्वमतंही मिळतात, आणि घराघरांत ती पाठ होतात. मी माझ्या भाचीला तसं पाठ करताना ऐकलं तेव्हा मला रडू आलं. तिच्या हातून कुणीतरी तिचंच मत काढून घेतलं होतं, आणि तिला गुणांच्या आशेने ते कळतही नव्हतं.

आता भूमिती.

आमचे भूमितीचे सर उंच, आवाज बारीक, हातात लाकडाचा मोठा कंपास आणि खडूने माखलेला गुण्या. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज 180 अंश असते, हे आम्हाला खालच्या वर्गापासून माहीत होतं. कागदी त्रिकोणाचे कोपरे फाडून, शेजारी शेजारी लावून बघितलं होतं. नववीत सरांनी सगळ्यांना म्हटलं, आपापला त्रिकोण काढा, कोनमापकाने मोजा आणि बेरीज सांगा. त्यांनी प्रत्येकाचा आकडा फळ्यावर लिहिला. 179, 181, 180, 178, परत 180, एकाचे 183. कुणी खाडाखोड करून 180 करायला लागलं की सर म्हणत, “आलं ते सांग. लपवू नको.”

फळा आकड्यांनी भरला. सर म्हणाले, “आता काय ठरवायचं?”

एक पोरगा म्हणाला, “सर, बहुमताने ठरवू. 180 वाले जास्त आहेत.”

“उद्या शाळेत नवा मुलगा आला आणि त्याने नवा त्रिकोण काढला तर? त्याचा त्रिकोण आपल्या बहुमताला बांधील आहे का?”

कुणाकडेच उत्तर नव्हतं. कितीही त्रिकोण मोजले तरी न मोजलेले उरणारच. तेव्हा सरांनी फळा पुसला, एकच त्रिकोण काढला, अ, ब, क अशी नावं दिली, आणि अ बिंदूतून पायाला समांतर एक रेषा ओढली. बस, तेवढंच. समांतर रेषा आणि छेदिका, म्हणून डावीकडचा व्युत्क्रम कोन एकरूप. उजवीकडचाही एकरूप. वरचे तीन कोन मिळून सरळ रेषेवर बसले, म्हणून 180. प्रत्येक ओळीपुढे कंस, कंसात कारण. पाच ओळींत जगातल्या सगळ्या त्रिकोणांचा निकाल लागला. काढलेल्या, न काढलेल्या, आमच्यानंतर कधी तरी कुणी काढील त्यांचाही. माझ्या अंगावर काटा आला होता. मला कुणी देवळात नेऊन जे कधी मिळालं नव्हतं ते तिथे मिळालं.

सरांचा एक नियम होता. कंसात कारण नसेल ती ओळ खोडायची, मग ती त्यांनी स्वतः फळ्यावर लिहिलेली असली तरी. एकदा समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय सोडवताना त्यांनी घाईत एक ओळ कारणाशिवाय लिहिली. माझ्या बाकावरची मैत्रीण उभी राहिली. “सर, ह्या ओळीचं कारण?” सरांनी फळ्याकडे पाहिलं, डस्टर घेतला आणि ओळ पुसली. “बरोबर आहे तुझं,” म्हणाले आणि पुढे गेले. ती खाली बसली तेव्हा तिचे हात थरथरत होते. घरी वडिलांसमोर, तेही वर्षातून एकदा येणाऱ्या वडिलांसमोर, मान वर न करणारी ही मुलगी. तिने एका मोठ्या पुरुषाला कारण मागितलं होतं आणि त्याने ते देणं लागतो असं मान्य केलं होतं.

समद्विभुज त्रिकोणाचीच आणखी एक आठवण. पायाचे कोन एकरूप असतात हे सिद्ध करायला शिरोकोनाचा दुभाजक काढतात आणि बाकोबा कसोटी लावतात. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नसे, म्हणाला, “रेघ कशाला काढायची? त्रिकोण उलटा करून त्याच्यावरच ठेवला तर?” हसू झालं. सर हसले नाहीत. ते बराच वेळ फळ्याकडे तोंड करून उभे राहिले आणि मग त्यांनी लिहिलं: त्रिकोण अबक आणि त्रिकोण अकब. एकाच त्रिकोणाची स्वतःशीच संगती. अब आणि अक एकरूप, मधला कोन दोन्हींत तोच, झालं, बाकोबा. दुभाजकाची गरजच नाही. पुष्कळ वर्षांनी मी वाचलं की अलेक्झांड्रियाच्या पॅपसने सतराशे वर्षांपूर्वी हीच सिद्धता दिली होती. युक्लिडची स्वतःची सिद्धता हिच्याहून बरीच लांब आहे. त्या मुलाला हे कळवायची माझी फार इच्छा आहे. तो कुठे आहे, माहीत नाही.

आणि मग पृथ्वीगोलाचा दिवस. त्याच मैत्रिणीने भूगोलाच्या तासाला बाईंना विचारलं की, विषुववृत्त आणि रेखावृत्त काटकोनात छेदतात ना? मग शून्य अंशाचं रेखावृत्त, नव्वद अंश पूर्वेचं रेखावृत्त आणि विषुववृत्त यांचा जो त्रिकोण होतो, त्याचे पायाचे दोन कोनच मिळून 180 झाले. ध्रुवावरचा कोन आणखी नव्वद. बेरीज 270. सरांनी तर 180 सिद्ध केलं होतं! बाईंनी गोल फिरवून पाहिला, मोजलं आणि म्हणाल्या, “हे सरांनाच विचारायला हवं.”

दुसऱ्या दिवशी सर भूगोलाच्या कपाटातला गोल घेऊन वर्गात आले. म्हणाले, सिद्धता चुकली का ते बघू. ओळ ओळ तपासा. आम्ही पहिल्या ओळीशी गेलो, त्या समांतर रेषेशी. तिचं कारण काय? दिलेल्या रेषेला तिच्या बाहेरच्या बिंदूतून एक आणि एकच समांतर रेषा काढता येते. आणि त्याचं कारण? सर म्हणाले, “त्याचं कारण नाही. ते आपण गृहीत धरलं. गृहीतक. सपाट प्रतलावर ते चालतं. या गोलावर दोन रेखावृत्तं विषुववृत्ताला काटकोनात निघतात, म्हणजे समांतर हवीत, तरी ध्रुवावर भेटतात. इथे ते गृहीतक लागू नाही, म्हणून 180 ही लागू नाही.” मग त्यांनी आम्हाला वहीतल्या त्या प्रमेयाच्या वर ‘प्रतलावर’ हा शब्द लिहायला लावला. युक्लिडनंतर दोन हजार वर्षं लोक हे गृहीतक सिद्ध करायला धडपडले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रशियात लोबाचेव्हस्की आणि हंगेरीत बोल्याई यांनी ते सोडून देऊन नवी भूमिती उभी केली, हे सरांनी थोडक्यात सांगितलं. आम्हाला त्यातलं फार कळलं नाही. पण एक गोष्ट पक्की कळली. कारण मागत मागत गेलं की कुठे तरी असं ठिकाण येतं जिथे कारण नसतं, फक्त धरलेलं असतं. भूमिती ते ठिकाण उघड सांगते, पुस्तकाच्या सुरुवातीलाच छापते. आमच्या घरांतही गृहीतकं होती: मुलीने किती शिकायचं, कुणी कुणाच्या विहिरीवर जायचं, कुणाचं जेवण आधी. ती कुठेच लिहिलेली नव्हती आणि म्हणूनच त्यांना हात लावता येत नव्हता.

आज दहावीला गणित भाग 2 हा चाळीस गुणांचा पेपर आहे आणि त्यात ‘कृती पूर्ण करा’ असे प्रश्न येतात. सिद्धता छापलेली असते, मधे मधे रिकाम्या चौकटी. भाचीच्या वहीत असे कित्येक प्रश्न सोडवलेले आहेत. ज्या मुलांची पानं पूर्वी कोरी राहायची त्यांना या चौकटींचा आधार आहे, हे मला मान्य आहे, आणि तो काढून घ्यावा असं मी म्हणणार नाही. पण कोऱ्या पानासमोर बसून पहिली रेषा कुठून ओढायची हे स्वतः शोधणं, ती समांतर रेषा सुचणं, हे चौकटीत मावत नाही. भाचीला मी एका रविवारी नुसता त्रिकोण काढून दिला. पुस्तक बाजूला ठेव म्हटलं. तास गेला. तिने बाजू वाढवून बघितल्या, लंब टाकून बघितले, चिडली, पेन आपटलं, परत घेतलं. शेवटी क बिंदूतून, तळाशी, एक समांतर रेषा निघाली. अ मधून नाही, क मधून. तीही चालते.

ती मैत्रीण दहावीनंतर शिकली नाही. लग्न झालं आणि कोइमतूरला गेली, नवऱ्याच्या गलाईच्या दुकानावर. आता दुकानाचा सगळा हिशोब तिच्याकडे आहे. सोन्यातली चांदी नायट्रिक आम्लात विरघळते आणि सोनं का उरतं, ते गिऱ्हाइकाला तमिळमध्ये समजावून सांगते. तिचा फोन आला होता. मुलाच्या वहीत त्रिकोणाचं प्रमेय आलंय, म्हणाली, आणि वर ‘प्रतलावर’ लिहिलेलं नाही. तिने मुलाला लिहायला लावलं. मुलाने विचारलं, कारण? तेव्हा दुकान थोडा वेळ नोकरावर सोडून ती बाजारात गेली आणि एक पृथ्वीगोल विकत घेऊन आली.